वणव्याच्या धुराचा उपग्रहावरून माग कसा काढायचा

६ जून २०२३ ची संध्याकाळ. माणगावहून आमच्याकडे न्यू जर्सीला आलेली आई गॅलरीचं दार उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "कुणी राब भाजलाय का गं इथं?" राब म्हणजे भाताच्या पेरणीआधी जमिनीवर जाळायचा पालापाचोळा. आमच्या एडिसन गावात तो कोण भाजणार! पण वास खरंच तसाच होता, पालापाचोळा आणि ओलं लाकूड जळाल्याचा. फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये नुसतं 'हेझ' लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आकाश नारिंगी झालं, घरात दिवे लावावे लागले आणि न्यू यॉर्क शहराचा हवेचा निर्देशांक (आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट) ४०० च्या पुढे गेला. धूर आला होता कॅनडातल्या क्युबेक प्रांतातून, जवळजवळ सरळ उत्तरेला हजारेक किलोमीटरवरून.

माझ्या लेकीला दमा आहे. त्या रात्री तिच्या खोलीच्या खिडकीच्या फटींना टेप लावताना मला राहून राहून वाटत होतं, एवढा मोठा धूर येताना कुणालाच दिसला नसेल? दिसला होता. उपग्रहांच्या चित्रांत तो आदल्या दिवशीच स्पष्ट होता आणि ती चित्रं कुणालाही फुकट बघता येतात. मला ती वाचता येत नव्हती, एवढंच. तेव्हापासून शिकत गेले. इथे त्याच क्रमाने सांगते. त्यासाठी ब्राउझर आणि रोजची दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. उपग्रह वरून बघतो, आपण खाली श्वास घेतो. चित्रातला धूर आणि नाकातला धूर एकच आहे का, हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं.

पहिलं चित्र

नासाची 'वर्ल्डव्ह्यू' नावाची साइट उघडा. जगाचा नकाशा दिसेल, खाली तारखांची पट्टी, डावीकडे थरांची, म्हणजे नकाशावर चढवायच्या 'लेअर्स'ची, यादी. सरावासाठी तारीख ७ जून २०२३ ठेवा आणि नकाशा न्यू यॉर्क ते क्युबेक एवढा जवळ आणा. थर 'करेक्टेड रिफ्लेक्टन्स, ट्रू कलर' हवा, म्हणजे डोळ्यांना दिसेल तसा रंग. टेरा, ॲक्वा, सुओमी एनपीपी, नोआ-२० अशा वेगवेगळ्या उपग्रहांचा हा थर मिळतो. टेरा दुपारच्या आधी डोक्यावरून जातो, सुओमी एनपीपी आणि नोआ-२० सूर्याच्या वेळेने दीडच्या आसपास. त्यामुळे एकाच दिवसाची दोन-तीन चित्रं हाती येतात. ती एकामागून एक चालू-बंद करून पाहिली की काय हललं ते लगेच कळतं.

त्या दिवशीच्या चित्रात नोव्हा स्कोशियाजवळ ढगांचा भोवरा दिसतो. तो तिथे अडकून बसलेला कमी दाबाचा पट्टा. उत्तर गोलार्धात अशा भोवऱ्याभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून त्याच्या पश्चिमेच्या बाजूला वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. क्युबेकच्या आगी नेमक्या त्या बाजूला होत्या. भोवऱ्याच्या कडेने खाली उतरणारा तपकिरी-राखाडी पट्टा शोधा. तो न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनियावर येऊन पसरलेला दिसेल. एकदा हे चित्र डोळ्यांत बसलं की पुढे धूर पाहताना आधी 'भोवरा कुठे आहे' हेच शोधायची सवय लागते.

तारखेच्या बाबतीत एक सावधगिरी. या साइट्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ वापरतात. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, न्यू जर्सीची उन्हाळ्यात चार तास मागे. आमच्याकडे संध्याकाळचे आठ वाजले की तिथे दुसरी तारीख लागलेली असते. भूस्थिर उपग्रहांच्या (म्हणजे एकाच जागेवरून सतत बघणाऱ्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगते) चित्रांत याने सुरुवातीला हमखास गोंधळ होतो.

धूर, ढग, धुकं की धूळ?

इथे घाई करू नका. नवशिक्या माणसाच्या बहुतेक चुका इथेच होतात, माझ्याही झाल्या.

ढग पांढराशुभ्र असतो, त्याला पोत असतो, कडा असतात आणि उंच ढगाची जमिनीवर सावली पडते. धूर राखाडी, निळसर किंवा तपकिरी दिसतो. तो मऊ असतो आणि त्यातून खालची नदी, किनारा, रस्ते मळक्या काचेतून दिसावेत तसे दिसतात. उगमाशी तो दाट आणि निमुळता असतो, पुढे जाताना पसरत आणि विरत जातो. धुकं दऱ्याखोऱ्यांत साचतं, त्याची कड डोंगराच्या उताराला घट्ट धरून असते आणि ऊन चढलं की ते कडेकडून आत वितळत जातं. उंचावरचा धूर डोंगर बघत नाही, तो त्याच्यावरून जातो. धूळ पिवळसर, मातकट असते आणि तिचा माग वाळवंटापर्यंत किंवा कोरड्या मैदानापर्यंत मागे नेता येतो.

रंगावर समाधान झालं नाही, तर अवरक्त (इन्फ्रारेड) थराची एक छान कसोटी आहे. धुराचे कण फार बारीक, बहुतेक एका मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहान. अवरक्त किरणांची तरंगलांबी त्यांच्या कितीतरी पट मोठी, त्यामुळे ते किरण धुरातून जवळजवळ अडथळ्याविना पार जातात. म्हणून ट्रू कलरमध्ये दिसणारा पट्टा अवरक्त चित्रात गायब झाला, तर तो धूर असण्याची शक्यता मोठी. उंच ढग मात्र तिथेही थंडगार, ठळक दिसतो. धुळीचे कण मोठे असतात, म्हणून ती अवरक्तात पकडता येते. 'डस्ट आरजीबी' नावाचं चित्र याच तत्त्वावर बनतं आणि त्यात धूळ गुलाबी-जांभळट दिसते.

याच कारणाने रात्री धूर बहुतेक दिसेनासा होतो. रात्रीचं स्वच्छ चित्र पाहून 'गेला एकदाचा' असं समजू नका.

आगीचे ठिपके

वर्ल्डव्ह्यूमध्ये 'फायर्स अँड थर्मल ॲनोमॅलीज' हा थर चढवला की तांबडे ठिपके उमटतात. फक्त आगीच बघायच्या असतील तर नासाचीच 'फर्म्स' ही साइट जास्त सोयीची. टेरा आणि ॲक्वावरच्या मोडिस उपकरणाचा ठिपका साधारण १ किलोमीटरच्या चौकोनाचा असतो, सुओमी एनपीपी आणि नोआ-२० वरच्या व्हीआयआयआरएस उपकरणाचा ३७५ मीटरचा. ठिपका म्हणजे 'या चौकोनात कुठेतरी बरीच उष्णता आहे', एवढंच. तेवढी सगळी जमीन जळते आहे असा त्याचा अर्थ नाही.

प्रत्येक ठिपका वणव्याचाच असतो असंही नाही. पोलाद कारखाने, वीटभट्ट्या, तेलविहिरींवर जाळला जाणारा वायू, सगळ्यांचे ठिपके पडतात. मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात ठिपका दिसला तर दचकू नका, तो मुंबई हायच्या विहिरींवरचा वायू असतो. उलट दाट ढगाखाली किंवा फार दाट धुराखाली खरी आगही लपते. ७ जूनला ठिपके ढगांमुळे कमी दिसले, तर तारीख मागे नेऊन १ ते ६ जूनचे पाहा. वीज पडून एकाच वेळी पेटलेल्या क्युबेकच्या आगी कशा वाढत गेल्या ते दिसेल. चिबुगामो हे गाव नकाशात शोधा. ६ जूनला तिथल्या सुमारे साडेसात हजार लोकांना घरं सोडावी लागली. आमच्या गॅलरीत आलेला वास त्यांच्या जंगलाचा होता. त्या वर्षी कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळलं.

ठिपक्यापासून निघणारी धुराची शेपटी कोणत्या दिशेला वळली आहे ते पाहून ठेवा. त्या ठिकाणचा वारा तुम्हाला फुकटात कळला.

हलतं चित्र

ध्रुवावरून फिरणारे उपग्रह दिवसातून एक-दोनदाच येतात. धूर सरकताना बघायचा तर भूस्थिर उपग्रह हवा. तो एकाच जागेवर टक लावून असतो. अमेरिकेच्या पूर्व भागावर जून २०२३ मध्ये गोज-१६ हे काम करत होता, एप्रिल २०२५ पासून गोज-१९ करतो. अमेरिकेच्या मुख्य भूमीचं चित्र दर ५ मिनिटांनी, पूर्ण गोलार्धाचं दर १० मिनिटांनी. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या सिरा संस्थेची 'स्लायडर' ही साइट यासाठी मला सर्वांत आवडते. उपग्रह निवडा, 'जिओकलर' निवडा, चित्रांची संख्या वाढवा आणि चालवा. अशा साइट्सवर मुख्यतः अलीकडचीच चित्रं असतात, म्हणून जुन्या घटनेचा सराव वर्ल्डव्ह्यूवर आणि आजचा धूर स्लायडरवर, अशी वाटणी ठेवा.

धूर सर्वांत ठळक दिसतो तो सूर्य उगवल्यानंतरच्या आणि मावळण्याआधीच्या तासा-दोन तासांत. बारीक कण प्रकाश पुढच्या दिशेला जास्त फेकतात. सूर्य एका बाजूला आणि उपग्रह दुसऱ्या बाजूला असला की धूर उजळून निघतो. खिडकीच्या तिरिपेत धुळीचे कण दिसतात ना, तसंच. भर दुपारी तोच धूर फिका वाटतो आणि तो कमी झाला असा भास होतो. दोन वेगवेगळ्या दिवसांची तुलना करताना शक्यतो एकाच वेळेची चित्रं घ्या.

आता वेग. धुराच्या पुढच्या कडेवरची एक ठळक जागा धरा, तीन तासांनंतरच्या चित्रात ती कुठे गेली ते पाहा आणि वर्ल्डव्ह्यूतल्या अंतर मोजायच्या पट्टीने मोजा. समजा १२० किलोमीटर भरलं. म्हणजे ताशी ४०. तुमचं गाव अजून ३२० किलोमीटरवर असेल तर आठ तास. हा अंदाज ढोबळच आहे, वारा बदलतो. पण लेकीला दुपारी मैदानावर पाठवायचं की नाही, हे ठरवायला मला तो अनेकदा पुरला आहे.

डोळ्यांना न दिसणारे थर

तीन थर कामाचे. 'एरोसोल ऑप्टिकल डेप्थ' म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेतल्या कणांनी मिळून प्रकाश किती अडवला, त्याचा आकडा. ०.१ च्या आसपास असेल तर हवा स्वच्छ, १ च्या वर गेला तर चांगलीच धुरकट. ढगावर तो मोजता येत नाही. आणि कधी कधी फार दाट धूरच गणिताला ढग वाटतो, मग नेमकी सर्वांत वाईट जागा नकाशावर कोरी राहते. कोऱ्या जागेला स्वच्छ समजू नका.

'एरोसोल इंडेक्स' अतिनील किरणांवरून काढतात. धूर आणि धूळ हे किरण शोषून घेतात, त्यामुळे हा थर ढगांवरून वाहणारा धूरही दाखवतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी उपकरण आणि अमेरिकेचं ओएमपीएस, दोघांचाही हा थर मिळतो. याचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवा. धूर जितका उंच तितका आकडा मोठा, आणि जमिनीलगतचा धूर यात फिका पडतो. म्हणजे आपल्याला ज्याची काळजी, तोच इथे कमी दिसतो.

तिसरा कार्बन मोनॉक्साइड. जळण्यातून तो निघतो आणि हवेत आठवडे टिकतो. धुळीत तो नसतो. एरोसोल इंडेक्स वाढलेला आहे पण कार्बन मोनॉक्साइड नेहमीइतकाच, तर धुळीचा संशय घ्या. दोन्ही एकाच आकारात वाढले असतील तर जळिताचा धूर.

तो नाकाशी आहे का?

त्याच उन्हाळ्यात एका शनिवारी मी सकाळीच चित्र पाहिलं. अख्ख्या न्यू जर्सीवर राखाडी पडदा. मी सहल रद्द केली, चार कुटुंबांना फोन करून घरीच थांबायला सांगितलं. दुपारी मोजणी केंद्रांचे आकडे पाहिले तर हवा उत्तम. धूर तीन-चार किलोमीटर उंचावरून निघून गेला होता. सूर्य तेवढा तांबूस दिसत होता. मुलांचे पडलेले चेहरे मला अजून आठवतात, आणि तेव्हापासून मी ही पायरी कधीच गाळत नाही.

सर्वांत आधी जमिनीवरचे आकडे. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था आणि वन सेवा यांचा मिळून 'एअरनाऊ फायर अँड स्मोक मॅप' आहे. त्यात सरकारी केंद्रांबरोबर लोकांनी घरी लावलेले पर्पलएअरसारखे सेन्सरही दिसतात. हे छोटे सेन्सर लाकडाच्या धुरात मूळचा आकडा जास्त दाखवतात. या नकाशात तो दुरुस्त करून दिलेला असतो, म्हणून सेन्सरच्या मूळ साइटपेक्षा इथे बघा. पाहायचं ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचं प्रमाण. आसपासची तीन-चार केंद्रं एकत्र चढत असतील तर धूर खाली आला. एकच चढलं असेल तर शेजारी कुणीतरी बार्बेक्यू पेटवलाय.

मग उंचीचा अंदाज. धुराच्या थराची सावली किंवा कड नीट दिसत नाही, पण दोन खुणा मदत करतात. हलत्या चित्रात धूर जमिनीलगतच्या छोट्या ढगांपेक्षा वेगळ्या दिशेने किंवा बराच जोरात सरकत असेल तर तो उंच आहे. डोंगररांगेशी अडून दऱ्यांत भरत असेल तर खाली आहे. लेझरने उंची मोजणारा कॅलिप्सो उपग्रह ऑगस्ट २०२३ मध्ये थांबला. मे २०२४ मध्ये गेलेल्या अर्थकेअरवर तसं उपकरण आहे, पण ते बारीक रेषेतलंच मोजतं. तुमचं गाव त्या रेषेखाली येण्यासाठी नशीब लागतं.

आणि दिवसाचा क्रम. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या हवेपासून तुटते. वर धूर असला तरी पहाटे खाली बरं वाटू शकतं. ऊन चढलं की हवा ढवळली जाते आणि दहा-अकराच्या सुमारास वरचा धूर खाली ओढला जातो. चित्रात डोक्यावर दाट धूर, सकाळी सातचा आकडा मात्र चांगला, अशा दिवशी मी सकाळीच बाहेरची कामं उरकते आणि दर तासाला आकडा बघते.

भारतातले आणि इथले आकडे परस्पर ताडून बघू नका. पीएम २.५ दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारताच्या निर्देशांकात १०० येतात, म्हणजे 'समाधानकारक'ची वरची कड. अमेरिकेच्या निर्देशांकात त्याच हवेला १५० च्या वर मिळतात. हवा तीच, मोजपट्टी वेगळी. पुण्यातल्या भावाशी बोलताना आम्ही आता निर्देशांक सोडून थेट मायक्रोग्रॅमच सांगतो.

वाऱ्याची रेषा उलटी ओढणं

हे धुराचं कुळ शोधणं आहे. नोआच्या (अमेरिकेच्या हवामान आणि सागर संस्थेच्या) एअर रिसोर्सेस लॅबोरेटरीचं 'हायस्प्लिट', म्हणजे हवा कुठून आली ते काढणारं साधन, त्यांच्या साइटवर फुकट चालवता येतं. 'बॅकवर्ड ट्रॅजेक्टरी' निवडा, तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश द्या, वेळ यूटीसीत, कालावधी ४८ किंवा ७२ तास आणि उंची तीन: ५००, १५०० आणि ३००० मीटर. तीन रंगांच्या तीन रेषा येतात. ५०० मीटरची रेषा आगीच्या ठिपक्यांवरून जात असेल तर नाकातल्या धुराचा उगम जवळपास नक्की. फक्त ३००० ची जात असेल तर धूर वरूनच चाललाय. रेषेच्या खालच्या आलेखात हवा चढत आली की उतरत आली तेही दिसतं, ते आवर्जून बघा. एका रेषेवर विसंबू नका. तीन-चार तासांच्या फरकाने पुन्हा चालवा आणि रेषा एकाच भागाकडे जातात का ते पाहा.

पुढच्या दोन दिवसांचं

इथे तज्ज्ञांचं काम आयतं मिळतं. नोआच्या 'हझार्ड मॅपिंग सिस्टिम'मध्ये माणसं उपग्रहचित्रं पाहून हाताने धुराच्या सीमा आखतात, विरळ, मध्यम आणि दाट अशा. तुम्ही ओळखलेला पट्टा त्यांच्या आखणीशी जुळतो का, हे ताडून पाहणं हा उत्तम सराव. 'एचआरआरआर-स्मोक' हे ३ किलोमीटर बारकाईचं, दर तासाला ताजं होणारं भाकीत. त्यात दोन नकाशे असतात, एक संपूर्ण हवेतल्या धुराचा आणि एक जमिनीलगतच्या धुराचा. बातम्यांत झळकतो तो बहुधा पहिला, कारण तो भव्य दिसतो. तुम्ही दुसरा उघडा. कॅनडातल्या मंडळींसाठी 'फायरस्मोक कॅनडा' आहे.

भारताकडे बघताना

महाराष्ट्रातून पाहणाऱ्यांना गोज उपयोगाचा नाही. हिंदी महासागरावरचा मेटिओसॅट 'यूमेटव्ह्यू' साइटवर बघा. त्यात डस्ट आरजीबीही आहे. आपले इन्सॅट मालिकेतले उपग्रह हवामान खात्याच्या साइटवर दिसतात. वर्ल्डव्ह्यू आणि हायस्प्लिट सगळ्या जगासाठी चालतात.

सरावाला २३ जानेवारी २०२२ घ्या. त्या दिवशी मुंबई-पुण्यावर मळकट पडदा होता आणि लोकांना तो धूर किंवा धुकं वाटला. ती पाकिस्तानच्या बाजूने समुद्रावरून आलेली धूळ होती. २१ पासून २४ तारखेपर्यंत एकेक दिवस पुढे सरकवत अरबी समुद्राचा उत्तर भाग बघा. ढगांच्या फटींतून मातकट रंग शोधा.

पंजाब-हरियाणातला पराली (भात कापल्यावर शेतात उरलेला पेंढा) जाळण्याचा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. तिथे ठिपके मोजताना एक मोठी मेख आहे. उपग्रह दुपारी दीड-दोनच्या सुमारास येतो. गेल्या काही वर्षांत तो गेल्यानंतर, उशिरा दुपारी आगी लागताना भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांत दिसल्या आहेत. त्यामुळे ठिपके घटले म्हणजे आगी तेवढ्याच घटल्या असं म्हणता येत नाही. धुराचा थर आणि एरोसोलचा आकडाही सोबत बघा. मुंबईच्या हिवाळी धुरक्यात बांधकामाची धूळ, वाहनं आणि मंदावलेला खारा वारा यांचा वाटा मोठा असतो. हायस्प्लिटची रेषा ओढल्याशिवाय पंजाबवर खापर फोडू नका.

आणि मार्च-एप्रिलमध्ये आई माणगावहून फोनवर सांगते, आज चारही बाजूंनी राब भाजतायत, ठसका लागतोय. मी फर्म्स उघडते. कधी डोंगराच्या अंगाला दोन ठिपके असतात, कधी एकही नसतो. राबाचा तुकडा लहान, सकाळी पेटवला की उपग्रह यायच्या आत विझलेला. अशा दिवशी मी चित्र मिटते आणि तिला विचारते, वारा कुठल्या बाजूचा आहे आणि खिडक्या लावल्यास का.